हार्ट टाकलं, ऐकलं नाही

गेल्या दिवाळीत आमच्या ग्रुपवर एक खेळ ठरला. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सहा दिवस, सात जण, प्रत्येकानं रोज आपलं एक आवडतं गाणं टाकायचं आणि सोबत दोन ओळी लिहायच्या. आम्ही सात जण एकमेकांना प्रत्यक्ष कधीच भेटलेलो नाही. पुस्तकांवरून भांडता भांडता फोनवरच ओळख झाली, मग आमचा वेगळा कट्टा निघाला. एक जण नांदेडची, एक बंगळूरला असते, एक न्यू जर्सीत असतो, एक मिरजेचा. त्याला आम्ही मिरजवालाच म्हणतो.

सात जणांची सहा दिवसांची गाणी म्हणजे ४२. एक गाणं पाच मिनिटांचं धरलं तरी साडेतीन तास. सुट्टीतले साडेतीन तास म्हणजे काहीच नाही, असं आम्हाला वाटलं होतं.

धनत्रयोदशीला मिरजवाल्यानं अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी टाकली. जुनी तबकडी, कुणीतरी अपलोड केलेली. त्यानं खाली लिहिलं होतं, ‘तीनच मिनिटं आहेत. शेवटपर्यंत ऐका.’ मी तेव्हा करंज्यांचं ताट हातात घेऊन उभा होतो. लावलं, खरखर ऐकू आली, एक बारीक उंच आवाज आला. चाळीसेक सेकंदांनी मी बंद केलं, हार्ट टाकलं आणि ‘कमाल!’ असं लिहिलं. माझ्याआधी तीन हार्ट होते, माझ्यानंतर एक आला.

भाऊबीजेच्या रात्री त्याचा मेसेज आला. ‘अरे, आत्ता बघितलं. त्या दिवशी मी चुकीची लिंक टाकली होती. ती दीड मिनिटावर तुटते. सूर लावलेला असतानाच खाडकन बंद. कुणी बोललं का नाही?’

त्यानं आमची परीक्षा घेतली नव्हती. खरोखरच विचारत होता. त्या रात्री ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. मीही नाही.

हा लेख त्या न दिलेल्या उत्तरातून सुरू झाला. त्यातला पहिला मुद्दा माझ्या धंद्याचा आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्यासाठी ‘ऐकणं’ ही मोजायची गोष्ट असते, आणि मोजायची म्हटली की कुठेतरी रेघ मारावी लागते. स्पॉटिफायवर ती रेघ ३० सेकंदांवर आहे. तेवढं वाजलं की एक ‘स्ट्रीम’ धरला जातो. त्या हिशेबानं मी ती ठुमरी ऐकली होती, वर दहा सेकंद जास्तच. हार्टचंही तेच. बटण दाबलं गेलं एवढंच यंत्राला कळतं, आणि हळूहळू आपल्यालाही तेवढंच पुरेसं वाटायला लागतं. यंत्राला दोष देऊन मला सुटायचं नाही. रेघ त्यांनी मारली असेल, पण तिच्या अलीकडे थांबून ‘कमाल!’ मीच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मिरजवाल्यानं बरोबर लिंक टाकली. मी दार लावून, हेडफोन घालून ती तीन मिनिटं ऐकली. मग पुन्हा ऐकली.

हे गाणं तीन मिनिटांचं का, हे आधी समजून घ्यायला हवं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. रात्रभर गाणाऱ्या माणसांना भोंग्यापुढे उभं करून ‘तीन मिनिटांत आटपा’ असं सांगितलं गेलं. कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गनं गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हापासून हा करार सुरू झाला. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. ते लोकांना मजेशीर वाटतं, पण त्यामागचं कारण व्यवहारी होतं. मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तबकड्या तिथे छापल्या जायच्या, आणि लेबलवर कुणाचं नाव घालायचं हे तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं. मला यातली एक गोष्ट फार आवडते. ज्यांना त्या गाण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, त्यांनाही गाणारीचं नाव कळण्यासाठी शेवटापर्यंत जावंच लागायचं. माझी मात्र गाण्याची भाषाही समजते आणि सुट्टीही होती.

अब्दुल करीम खाँ किराण्याचे, पण आयुष्याचा मोठा काळ मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेले. त्यांची कबर मिरजेतच आहे, तिथल्या दर्ग्याच्या आवारात, आणि उरुसाला आजही गवई तिथे हजेरी लावायला येतात. मिरजवाल्यासाठी हे गाणं म्हणजे गावातली गोष्ट आहे, हे मला नंतर उमगलं.

गाण्याबद्दल सांगायचं तर, तीन मिनिटं मिळालेला माणूस घाई करेल अशी आपली अपेक्षा असते. जेवढं येतं तेवढं दाखवेल, ताना घालेल. खाँसाहेब तसं करत नाहीत. ते एक छोटा मुखडा धरतात आणि त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. झिंझोटी तशी खालच्या सुरांत रमणारी, घरगुती वाटणारी. तिच्यात ते एकेक सूर इतका सावकाश लावतात की सूर आधीपासून तिथे होता आणि आवाज त्याला फक्त जाऊन मिळाला, असं वाटतं. पहिल्यांदा मुखडा ऐकताना ती तक्रार वाटते. दुसऱ्यांदा सवय. पुढे कधीतरी तक्रार करणारा माणूस थकलाय आणि आता स्वतःशीच बोलतोय, हे लक्षात येतं. शब्द तेच, बदललेलं काहीच नाही, फक्त मधे वेळ गेलाय. म्हणून हे गाणं चाळीस सेकंदांत कळूच शकत नाही. चाळीस सेकंदांत फक्त पहिला मुखडा भेटतो, आणि पहिला मुखडा कुणीही गाऊ शकतं. सैगलनी १९३५ च्या ‘देवदास’मध्ये हीच ठुमरी गायली आहे. तिथे ती बोलल्यासारखी, अगदी कानाशी येते. सैगलचा एकटेपणा पहिल्या ओळीतच पोचतो. खाँसाहेबांचा शेवटी पोचतो. दोन्ही खरे आहेत, पण दुसऱ्यासाठी थांबावं लागतं.

या तबकडीची एक गोष्ट भीमसेन जोशी सांगायचे. लहानपणी गदगमध्ये एका दुकानात ही ठुमरी वाजत होती. ती ऐकली, आणि असं गाता आलं पाहिजे हे मनात बसलं. अकरा वर्षांचे असताना त्यांनी घर सोडलं, गुरू शोधत उत्तरेत भटकले, आणि शेवटी अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला येऊन शिकले. पुढे गुरूंच्या नावानं १९५३ पासून पुण्यात महोत्सव सुरू झाला. आपल्यातले कितीतरी जण डिसेंबरात तिथे जातात ते त्या दुकानातल्या तीन मिनिटांमुळे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

त्या दुकानदारानं ते गाणं ‘शेअर’ केलं होतं का? त्यानं फक्त लावलं होतं. रस्त्यावर कोण उभं आहे हे त्याला माहीत नव्हतं, कुणी हार्ट टाकणार नव्हतं. ऐकणाऱ्यालाही ‘मी ऐकलं’ हे कुणाला दाखवायचं नव्हतं. आमच्या ४२ गाण्यांमध्ये नेमकं हेच उलटं झालं होतं, आणि ते फक्त ऐकणाऱ्यांच्या बाजूनं नव्हे.

आता माझ्या स्वतःच्या यादीबद्दल. वसुबारसेला मी टाकलं होतं ते एका परदेशी बँडचं नऊ मिनिटांचं वाद्यसंगीत. वाईट नाही, मला आवडतंही. पण ते मी निवडलं ते त्या सहा जणांना मी कसा दिसावा म्हणून. आमच्या घरी दिवाळीच्या पहाटे, उटण्याच्या वासात, टेपवर लागायचे प्रल्हाद शिंदे. विठ्ठलाची गाणी, मग भीमगीतं, मग पुन्हा विठ्ठल. बाबा आंघोळीचं पाणी काढता काढता त्यांच्याबरोबर गायचे. सहा दिवसांत सहा गाणी टाकली, त्यात ते एकदाही आलं नाही. ऑनलाइन मित्रांना माझं घर माहीत नाही, गल्ली माहीत नाही. मी कुठला हे त्यांना फक्त मी काय ऐकतो त्यावरून कळणार होतं. म्हणून मी गल्लीच बदलली.

मराठीत आवडीच्या गाण्याला पत्ता चिकटलेला असतो. दिवाळी पहाटेच्या सभागृहात भीमसेनांचे अभंग चालतात. प्रल्हाद शिंद्यांचा विठ्ठल एस.टी. स्टँडवर, रिक्षात, मंडपात भेटतो. विठ्ठल तोच. गाण्यातला फरक मात्र खरा आहे, आणि तो दर्जाचा आहे असं समजून आपण मोकळे होतो. भीमसेन ‘संतवाणी’त शब्द उलगडत नेतात, कारण समोर बसलेला माणूस दोन-तीन तास उठणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. प्रल्हाद शिंदे शब्द थेट फेकतात. खडा, उघडा गळा, ओळीचं शेवटचं अक्षर वर नेऊन तिथे धरून ठेवायचं. ते गाणं मैदानातल्या शेवटच्या माणसासाठी, कर्ण्यासाठी, पाणी काढणाऱ्या माझ्या बाबांसाठी बांधलेलं आहे. ऐकणारा कामात आहे हे ते गृहीत धरतं आणि तरीही त्याला गाठतं. तीन मिनिटांत न घाबरणं ही जशी खाँसाहेबांची कला, तशीच ही प्रल्हाद शिंद्यांची. प्रत्येक गाण्यात त्याचा ऐकणारा कुठे आणि किती वेळ आहे, हे मुरलेलं असतं. लिंकमध्ये ते दिसत नाही. तिथे सगळी गाणी सारख्याच आकाराची, एका निळ्या ओळीएवढी. म्हणून सोबतच्या दोन ओळी महत्त्वाच्या. ‘शेवटपर्यंत ऐका’ ही मिरजवाल्याची सूचना म्हणजे त्या तबकडीवरची नेमकी समीक्षाच होती. मी ती शुभेच्छांसारखी वाचली.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, थोडक्यात. ‘मी ऐकलं नव्हतं. सॉरी.’ असं सुरू करून. मग एकेक जण कबूल झाला. बंगळूरची मात्र चिडली. ‘सुट्टी आहे की सेमिस्टर? कुणी गाणं पाठवलं म्हणजे मी उत्तरपत्रिका लिहायची का? हार्ट म्हणजे तुझा मेसेज पोचला, बस.’

तिचं अर्ध म्हणणं मला पटतं. आवडलेलं गाणं पाठवणं हा हक्क असला तरी ते ऐकलं जाणं हा हक्क नाही. सगळ्यांनी सगळं ऐकावं असा आग्रह धरला तर मैत्रीची हजेरीपटावरची सही होईल. न ऐकणं हा गुन्हा नाहीच. पण मग ‘नंतर ऐकतो’ म्हणायला हवं. मिरजवाल्याला त्या पाच हार्टचं वाईट वाटलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं ते यासाठी की आपण एकटेच नाही असं त्याला चार दिवस वाटत होतं. खोट्या हार्टची किंमत तो देतो ज्याला ते मिळालं.

शेवटी नियम बदलला. रोज एक नाही, आठवड्याला एकच गाणं, एकाच माणसाचं. ऐकलं तरच काहीतरी लिहायचं, नाहीतर गप्प बसायचं. गप्प बसलेलं चालतं. न्यू जर्सीवाला दोन आठवडे गप्पच होता, कुणी काही बोललं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी प्रल्हाद शिंदे टाकले. खाली लिहिलं, ‘पहाटे ऐका, काहीतरी काम करता करता. बसून ऐकू नका.’ दिवसभर एकही हार्ट आला नाही. मी चार वेळा फोन उघडून पाहिला, हेही कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मिरजवाल्याचा मेसेज आला. ‘चहा करताना ऐकलं. शेवटची ओळ वर नेतो तिथे दूध उतू गेलं. तुझे बाबा ती ओळ त्याच सुरात घ्यायचे की खालून?’

खालून, मी लिहिलं. नेहमी खालून.