चौकट कोणाची? विंडो मॅनेजर बदलण्याविषयी थोडेसे

मंडळी, विंडो मॅनेजर बदलत राहणे ही हौशी पोरांची खोड आहे असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. मला ते पटत नाही.

लिनक्सच्या पडद्यावर दिसणाऱ्या खिडकीचा आतला भाग एक प्रोग्राम रंगवतो. तिची चौकट, वरची पट्टी, तिची जागा हे दुसराच ठरवतो. ही रचना एक्स विंडो सिस्टिमची. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या या प्रणालीने एक पथ्य पाळलं: साधन पुरवायचं, धोरण लादायचं नाही. खिडक्या एकमेकींवर पसराव्यात की आयथ्रीमध्ये बसतात तशा फरशांसारख्या शेजारी शेजारी बसाव्यात, यावर एक्सचं काही म्हणणंच नाही. ते विंडो मॅनेजरने बघावं, आणि तो एका वेळी एकच असतो.

आता बघा, ओपनबॉक्स चालू आहे. तुम्ही टर्मिनलवरून 'रिप्लेस' हा पर्याय देऊन मेटासिटी सुरू केला. क्षणभर सगळ्या पट्ट्या गळून पडतात, मग नव्या येतात. न साठवलेलं पत्र मात्र अर्ध्या वाक्यासकट जिथल्या तिथे! वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर खिडकी आणि चौकट यांच्यात संयोग आहे, समवाय नाही. पुस्तकावरचा हात उचलला तरी दोन्ही शाबूत राहतात. धागे गेले तर वस्त्र कुठे उरतं?

वेलँड २००८ साली सुरू झाला. त्यात डिस्प्ले सर्व्हर आणि विंडो मॅनेजर सहसा एकाच प्रोग्राममध्ये असतात. त्याला कंपोझिटर म्हणतात. तो बदलायचा तर सेशन संपवा, पुन्हा लॉगिन करा. म्हणजे संयोगाचा समवाय झाला. आणि प्रोटोकॉलने ही सक्ती केलेली नाही बरं का. सोयीसाठी तसं केलं गेलं.

वेलँडची बाजू घेणारे सुरक्षेचं कारण देतात. ते खोटं नाही. एक्समध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत टाइप होणारी अक्षरं, पासवर्डसकट, टिपू शकतो. पण त्यावरून प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे ठेवावेत एवढंच निघतं. सर्व्हर आणि मॅनेजर एकजीव करावेत हे कुठून आलं? त्याचं कारण निराळं आहे: दोघांमधल्या निरोपांच्या फेऱ्या वाचतात, चित्र सफाईने हलतं. मग तसं सांगावं. एकाचा हेतू दुसऱ्याच्या निष्कर्षाला चिकटवू नये.

अर्थात, सगळा दोष वेलँडचा नाही. २०१३ मध्ये ग्नोम ३.१० ने हेडर बार आणला आणि पट्टी प्रोग्रामच काढू लागला. असा प्रोग्राम आयथ्रीत उघडलात तर घरमालकाच्या घरात भाडेकरूने स्वतःची दारं बसवल्यासारखं दिसतं.

यात नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही हो. माझ्या वयाच्या माणसाचा हात थरथरतो. त्याला रुंद पट्टी आणि मोठं बटण लागतं. ओपनबॉक्सच्या थीममध्ये मापं एकदा वाढवली की पट्टी मॅनेजरकडे सोपवणाऱ्या सगळ्या प्रोग्रामना ती लागू होतात. प्रत्येकाने आपापली पट्टी काढायची ठरवली, की मग त्याने प्रत्येकाची मनधरणी करायची का?

स्वे हा आयथ्रीचा वेलँडवरचा वारस. जुनी कॉन्फिग फाइल बहुतांशी तशीच चालते, त्यामुळे बोटांची सवय टिकते. हे काम उत्तमच झालं आहे. पण स्वेमधून दुसरीकडे जायचं ठरवलंत, तर आधी पत्र साठवा, सगळं बंद करा, आणि मग चहा निवेपर्यंत एकेक खिडकी पुन्हा उघडत बसा.