शिरस्त्राणांच्या अस्सलपणाची परीक्षा

युरोपांतील मध्ययुगीन शिरस्त्राणांविषयीं निर्णय देतांना पुष्कळ संग्राहक दोनच प्रमाणांवर भिस्त ठेवतात. एक त्यांवरील गंज व दुसरें त्यांच्यामागील आख्यायिका. आमच्या मतें हीं दोन्ही प्रमाणें सर्वांत दुबळीं होत. गंज अम्लानें थोड्या दिवसांत चढवितां येतो, आणि आख्यायिका तर विक्रेत्याच्या तोंडींच तयार होऊं शकते.

ह्याचें ठळक उदाहरण लंडन येथील सॅम्युएल प्रॅट ह्या व्यापाऱ्याचें. १८३९ सालीं एग्लिंटन येथें जुन्या सरदारी थाटाचा जो हौशी द्वंद्वसमारंभ झाला, त्यास चिलखतें ह्यानेंच पुरविलीं. त्यानें विकलेलीं कित्येक मोठीं शिरस्त्राणें बनावट होतीं, व त्यांपैकीं कांहीं लंडनच्या टॉवरमधील सरकारी शस्त्रसंग्रहांतहि शिरलीं. येथें हानि केवळ पैशाची नव्हे. सार्वजनिक संग्रहांत एकदां मान्य झालेली वस्तु पुढील वस्तूंचें माप ठरते, आणि मग खोट्यावरून खऱ्याची परीक्षा होऊं लागते. छापील पत्रसंग्रहांत शिरलेलें एखादें बनावट पत्र जो घोटाळा माजवितें, तोच हा.

१८८० च्या जूनमध्यें रॉयल आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूटनें लंडनमध्यें जुनीं शिरस्त्राणें व कड्यांचीं चिलखतें ह्यांचें प्रदर्शन भरविलें. बॅरन द कोसन व विल्यम बर्जेस ह्यांनीं केलेली त्याची वर्णनात्मक यादी अद्यापि वाचनीय आहे. कारण एकेका प्रकारचीं शिरस्त्राणें शेजारीं ठेवून तुलना करणें, हाच ह्या शास्त्राचा पाया होय. खरें शिरस्त्राण जीव वांचविण्यासाठीं घडविलेलें असे. बनावट तें भिंतीवर टांगण्यासाठीं. म्हणून त्यांत डोकें शिरतें काय, फटींतून दिसतें काय, अस्तर बसविण्याचीं भोंकें वा खिळे योग्य जागीं आहेत काय, हें प्रथम पाहावें. हातानें ठोकलेल्या पत्र्याची जाडी सर्वत्र सारखी नसते; आंतल्या बाजूस हातोड्याच्या खुणाहि बहुधा राहतात. यंत्रानें लाटलेला सारख्या जाडीचा पत्रा तत्काळ संशय उत्पन्न करतो.

तथापि डोळ्यास धातूच्या अंतरंगांत शिरतां येत नाहीं. ह्या बाबतींत ॲलन विल्यम्स ह्यांचा २००३ सालचा ‘द नाइट अँड द ब्लास्ट फर्नेस’ हा ग्रंथ फार मोलाचा आहे. त्यांत सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलेल्या अनेक चिलखतांच्या धातूचें विवेचन आहे. जुन्या लोखंडांत मळीचे कण व रेघा दिसतात. १८५६ मध्यें निघालेल्या बेसेमरच्या रीतीनंतरच्या पोलादांत त्या जवळजवळ नसतात. परंतु मळी सांपडली म्हणजे वस्तु मध्ययुगीन, असें अनुमान काढूं नये. हेन्री कॉर्टनें १७८४ सालीं काढलेल्या रीतीच्या लोखंडांतहि मळी असते, व प्रॅटच्या काळीं तसलें लोखंड सहज मिळे. मळी नसणें हें बनावटपणाचें बळकट प्रमाण. असणें हें अस्सलपणाचें पुरेसें प्रमाण नव्हे.

राहतां राहिली परंपरा. १३७५ मध्यें वारलेल्या सर रिचर्ड पेंब्रिजचें शिरस्त्राण हेरफर्डच्या मुख्य मंदिरांत त्याच्या थडग्यावर टांगलेलें होतें. हल्लीं तें एडिंबरो येथें आहे. अशी परंपरा मोलाची खरी. पण मंदिरांतील प्रत्येक शिरस्त्राणास तो मान देतां येत नाहीं, कारण पुढें अंत्यविधीसाठीं जुने नवे तुकडे जोडूनहि शिरस्त्राणें बनविलीं जात. उलट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत १९०४ सालीं आलेलें व ऑर्लेआं येथील मंदिरांतून निघालेलें शिरस्त्राण पाहा. तें जोन ऑफ आर्कचें होतें ही कथा अप्रमाण आहे. शिरस्त्राण मात्र जुनें व खरें आहे. कथेबरोबर वस्तूसहि टाकणें हा अतिसंशय होय.

सारांश, वस्तूचा निर्णय एक व कथेचा निर्णय दुसरा, असे दोन निर्णय वेगळे लिहावे. तसेंच अस्सल, दुरुस्त केलेलें व बनावट असे तीन वर्ग मानावे. कारण नवी झडप बसविलेलें जुनें शिरस्त्राण खोटें ठरत नाहीं. घडण, धातु व परंपरा हीं तीन प्रमाणें एकमेकांच्या आधाराशिवाय स्वतंत्रपणें एकाच निष्कर्षास येतील, तेव्हांच वस्तु अस्सल म्हणावी. कागद, शाई, अक्षराचें वळण व शिक्का ह्यांची जी छाननी आपण पत्रांस लावतों, तीच लोखंडास लावण्यास हरकत कोणती?