शून्य बाइटांचा धुरा

लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘एमएमझोन डॉट एच’ नावाची फाइल आहे. मेमरीचे जे मोठे विभाग पडतात, त्यांतल्या एकेकाचा हिशेब तिथल्या ‘स्ट्रक्ट झोन’मध्ये असतो: मोकळी पानं किती, ती कुठल्या यादीत, कुलूप कुठलं. वाचता वाचता मधेच एक ओळ लागते, ‘कॅशलाइन पॅडिंग’. तिची व्याख्या शोधून काढली की आत एक अ‍ॅरे सापडतो आणि त्याची लांबी असते शून्य. त्यात काहीही साठवायचं नाही. तरी ती ओळ खोडली, तर पुष्कळ कोअरच्या सर्व्हरचा वेग घसरू शकतो. सबंध फाइलमध्ये मला हीच ओळ सर्वांत देखणी वाटते.

प्रोसेसर मेमरीतून सुटा बाइट उचलत नाही. इंटेल-एएमडीच्या यंत्रांत तो ६४ बाइटांचा तुकडा एकदम कॅशमध्ये ओढतो. आयबीएमच्या पॉवरमध्ये १२८ बाइटांचा. ही झाली कॅशलाइन. मालकीसुद्धा अख्ख्या तुकड्याचीच ठरते. एका कोअरनं त्यातला एक आकडा बदलला, की बाकीच्या कोअरजवळच्या त्या तुकड्याच्या प्रती बाद होतात, मग त्यांना हवा असलेला आकडा वेगळाच का असेना. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. आमच्या भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात हे चटकन कळेल: दोघांची रोवणी एकाच बांधीत, मधे धुरा (बांध) नाही, मग एकानं पाणी काढलं की दुसऱ्याचंही वाहून जाणार.

तो शून्य लांबीचा अ‍ॅरे म्हणजे हा धुरा. त्याचं सगळं बळ शेवटी जोडलेल्या विशेषणात आहे. चार अधोरेषांनी सुरू होणारं ते लांबलचक नाव कम्पायलरला सांगतं, की यानंतरचं जे असेल ते नव्या कॅशलाइनच्या तोंडापासूनच मांड. नावाच्या शेपटाला ‘इन एसएमपी’, म्हणजे ‘अनेक प्रोसेसर असतील तरच’, असं आहे. एकाच प्रोसेसरसाठी कर्नल बांधला, तर ही ओळ आपोआप नाहीशी होते आणि एक बाइटही वाया जात नाही. काटकसर इतकी नेमकी!

आणि जिथं उधळपट्टी केली, तिथं तिचं कारणही लिहून ठेवलं होतं. या फाइलच्या जुन्या आवृत्त्यांतली टिप्पणी सांगे, की झोनमधली दोन कुलपं कर्नलमधल्या सर्वांत वर्दळीच्या कुलपांपैकी आहेत, म्हणून मधे सढळ हातानं जागा सोडली आहे. यंत्रात झोन मोजकेच असल्यानं जागेची चिंता नाही. हे शेवटचं वाक्य मोलाचं. शेजारच्या ‘स्ट्रक्ट पेज’ला हे औदार्य परवडणारं नाही. ती रचना सहसा ६४ बाइटांची, पण ४ केबीच्या प्रत्येक पानामागे एक. १६ जीबीच्या यंत्रात अशा सुमारे ४२ लाख. प्रत्येकीत आणखी एक कॅशलाइन घातली, तर २५६ एमबी मेमरी त्यातच जाईल.

पुण्याच्या सी-डॅकच्या परम ८००० या महासंगणकाला, १९९१मध्ये, फॉल्स शेअरिंगची विवंचना नव्हती. तिथं प्रत्येक ट्रान्सप्युटरची, म्हणजे प्रोसेसरची, मेमरी स्वतंत्र होती आणि बोलणं संदेशांतून चाले. मेमरी सामाईक झाली, की धुरे घालावे लागतात.

मार्च २०२४च्या लिनक्स ६.८मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी हीच कला नेटवर्कच्या रचनांवर चालवली. पाठवताना लागणारी, घेताना लागणारी, नुसती वाचली जाणारी, अशी टीसीपीची फील्डं गटागटानं बसवली. एकाच वेळी पुष्कळ कनेक्शन असताना टीसीपीची कामगिरी ४० टक्क्यांपर्यंत सुधारली. बदल झाला होता तो मुख्यतः फील्डांच्या क्रमात. शिवाय उद्या कुणी एखादं फील्ड गटाबाहेर हलवलं, तर कर्नल बांधतानाच चूक दाखवणारी तपासणीही जोडली. वाचायला हे त्या शून्य बाइटांइतकं मोहक नाही, पण टिकाऊपणात उजवं आहे, हे मान्य करायला हवं.

भंडारा, तुमसर, साकोलीकडे सी शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: ‘पहोल’ नावाचं मोफत साधन घ्या आणि स्वतःच्याच एखाद्या स्ट्रक्टवर चालवा. कॅशलाइन कुठं संपते आणि पोकळी कुठं राहिली, हे ते ओळीओळीला छापून दाखवतं.