गोल्डस्मिथ स्ट्रीट : वास्तुकृती आणि गृहनीती

एखाद्या गृहयोजनेचे मूल्यमापन करताना समीक्षक बहुधा तिच्या दर्शनी भागापाशी थांबतो. ती कोणत्या धोरणातून जन्मली आणि ते धोरण तिला किती काळ जपू शकेल, हे प्रश्न तो प्रशासनाच्या अभ्यासकावर सोपवून मोकळा होतो. इंग्लंडमधील नॉर्विच नगरपरिषदेने बांधलेल्या गोल्डस्मिथ स्ट्रीट या वसाहतीच्या बाबतीत असेच घडले. २०१९ मध्ये तिला वास्तुकलेचे स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. नगरपरिषदेच्या भाड्याच्या घरांस हा मान प्रथमच लाभत होता. कौतुक विपुल झाले आणि ते यथार्थही होते. परंतु ते अपुरे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम कृतीचा विचार करू. मिखाइल रिचेस आणि कॅथी हॉली यांनी रचलेली ही १०५ घरे एकमेकांस लागून असलेल्या बुटक्या ओळींत उभी आहेत. त्यांनी गाठलेला पॅसिव्हहाउस हा दंडक जर्मनीत सिद्ध झाला. घर उबदार ठेवण्यास दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ किलोवॅट-तासांहून अधिक उष्णता लागू नये, आणि दारे-खिडक्या मिटून ५० पास्कल दाबफरकाने तपासले असता घरातील हवा ताशी ०.६ पटीहून अधिक बदलू नये, या त्याच्या प्रमुख अटी होत. हवेशीरपणा हा घराचा पहिला गुण मानणाऱ्या आपल्या वाचकास ही हवाबंद रचना विपरीत वाटेल. परंतु जेथे हिवाळाभर घर तापवावे लागते, तेथे फटीतून निसटणारी हवा म्हणजे भाडेकरूने विकत घेतलेली ऊबच होय. ताजी हवा तेथे यंत्राने आत घेतली जाते, आणि बाहेर पडणाऱ्या हवेची उष्णता तिला वाटेतच दिली जाते.

या शिस्तीचे परिणाम घरांच्या रूपावर स्पष्ट दिसतात. टपालपेटी दाराला भोक पाडून बसविलेली नाही. ती बाहेर देवडीत आहे. छपरांचा उतार अवघा १५ अंशांचा आहे, कारण पुढच्या ओळीने मागच्या ओळीचे ऊन अडवू नये. समोरासमोरच्या घरांत प्रचलित संकेताप्रमाणे २१ मीटर अंतर हवे होते. येथे ते सुमारे १४ मीटर आहे. जुन्या नॉर्विचच्या गल्लीचे प्रमाण त्यामुळे राखले गेले आणि थोड्या जागेत अधिक घरे बसली. सौंदर्य आणि काटकसर यांची अशी एकरूपता विरळा आढळते.

तथापि ही एकरूपता केवळ वास्तुशिल्पींच्या प्रतिभेने साधली, असे मानणे चुकीचे ठरेल. खाजगी बिल्डर घर विकून निघून जातो. इंधनाचे बिल पुढे राहणाऱ्याने भरावयाचे असते. त्यामुळे भिंत जाड करण्यात त्याला स्वारस्य नसते. गोल्डस्मिथ स्ट्रीटमध्ये मात्र जमीनमालक, बांधणारा, नियोजनाची अनुज्ञा देणारा आणि घरमालक या चारही भूमिका एकाच नगरपरिषदेकडे होत्या. अधिक खर्च तिने सोसला आणि लाभ अल्प भाड्याने राहणाऱ्या कुटुंबास दिला. येथील ऊर्जाखर्च सरासरी कुटुंबाच्या मानाने ७० टक्क्यांनी कमी राहील, असा अंदाज पारितोषिकाच्या वेळी वर्तविला गेला. तो अंदाज होता, मोजणी नव्हे, हे समीक्षकांनी ध्यानात ठेवावयास हवे होते. परंतु बचत कोणाच्या पदरात पडणार हे निःसंशय होते, आणि माझ्या मते या कृतीचे खरे वैशिष्ट्य तेच होय.

आता उणिवांकडे वळू. त्या कृतीच्या नसून तिच्या आधाराच्या आहेत. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपरिषदेच्या भाडेकरूस राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. ही विक्री मंदगतीने करणाऱ्या नॉर्विचवरच केंद्रशासनाने आपले विशेष अधिकार वापरले, आणि १९८२ मध्ये अपील न्यायालयाने तो हस्तक्षेप वैध ठरविला. घर विकले गेले म्हणजे भिंत उबदारच राहते. पण ती ऊब गरजू भाडेकरूसाठी राखण्याची सत्ता नगरपरिषदेच्या हातून जाते. नव्या सामाजिक घरांना ३५ वर्षे या हक्कातून वगळण्याचा मानस शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला, तो या उणिवेची कबुलीच म्हटली पाहिजे.

दुसरी उणीव नियमनाची. २००८ च्या नियोजन व ऊर्जा कायद्याने स्थानिक संस्थांना राष्ट्रीय बांधकाम-नियमांहून कडक ऊर्जादंडक घालण्यास वाव दिला. परंतु डिसेंबर २०२३ मधील मंत्र्यांच्या निवेदनाने त्यांना त्यापासून परावृत्त केले. म्हणजे नगरपरिषद स्वतःच्या जमिनीवर उदाहरण घालून देऊ शकते, शेजारच्या बिल्डरला ते सहजासहजी पाळावयास लावू शकत नाही. तिसरी उणीव सर्वांत मोठी. नव्या भिंती जाड करणे त्या मानाने सोपे. नगरपरिषदेच्या ताब्यातील हजारो जुन्या घरांच्या फटी, तेथे माणसे राहत असताना, बुजविणे कठीण. त्या कामाला कोणी पारितोषिक देत नाही.

यावरून गोल्डस्मिथ स्ट्रीट व्यर्थ ठरते काय? मुळीच नाही. उत्तम घर ही श्रीमंतांची मिरास नव्हे, हे तिने सप्रमाण दाखविले. मात्र तिचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने नकाशाबरोबर तिचा भाडेकरारही वाचावा. भिंतीची जाडी नकाशात सापडेल. त्या भिंतीआड पुढील पिढीत कोण राहील, हे करारावर आणि कायद्यावर अवलंबून आहे.