कंपनी कोर्टात येत नाही

इंदूरहून पीथमपूर जेमतेम तासाभरावर. २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या बंद कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा तिथे जाळायला आणला, तेव्हा आमच्या भिशीत भोपाळचा विषय निघाला. घराजवळ आल्याशिवाय आपल्याला आठवत नाही, हेच खरं. घरी येऊन मी इंद्र सिन्हांची ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ ही २००७ ची इंग्रजी कादंबरी पुन्हा वाचायला घेतली.

कादंबरीतलं शहर खौफपूर, पण ते भोपाळच. विषानं पाठीचा कणा वाकलेला, हातापायांवर चालणारा एक पोरगा आपली कथा टेपवर बोलतो. त्याचं नावच ‘अ‍ॅनिमल’. शिव्या भरपूर आहेत बाई, मंडळात मोठ्यानं वाचायची सोय नाही! पण तेवढ्यासाठी पुस्तक सोडू नका. त्या शिव्यांनीच तो आपली दया झिडकारतो.

सिन्हांना एक गोष्ट अचूक सापडली आहे. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि कंपनी कोर्टात येतच नाही. हे काही कल्पित नव्हे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री गॅस सुटला. १९८५ च्या कायद्यानं पीडितांच्या वतीनं भांडायचा हक्क सरकारनं आपल्याकडे घेतला. ३३० कोटी डॉलरचा दावा लावला आणि १९८९ मध्ये ४७ कोटींवर तडजोड केली. ज्यांची माणसं गेली, त्यांना विचारलंसुद्धा नाही. युनियन कार्बाइडचे प्रमुख वॉरन अँडरसन इथल्या कोर्टाच्या लेखी फरार होते. ते २०१४ साली अमेरिकेत वारले. २०१० मध्ये इथल्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, त्याच दिवशी जामीनही मिळाला. वाढीव भरपाईची सरकारची याचिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

आपण क्षमावाणीला समोरासमोर उभं राहून हात जोडतो. क्षमा मागायलाही समोर यावं लागतं. जो येतच नाही, त्याला क्षमा तरी कशी करायची? न्याय तर पुढची गोष्ट.

माझी तक्रार मात्र बायकांबद्दल आहे. कादंबरीतल्या लढ्याचा पुढारी झफर, बाहेरून आलेला शिकलेला तरुण. निशा त्याच्या प्रेमात. दवाखाना काढणारी डॉक्टर एली अमेरिकन. वस्तीतल्या बायका आहेत, पण गर्दीत. कंपनीचा गुपचूप सौदा उधळणारी बुरख्यातली बाईसुद्धा अनामच राहते. कंपनीला चेहरा नसणं समजतं. या बाईला का नसावा?

खऱ्या भोपाळात चेहरे होते. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी स्वतः गॅसपीडित, स्टेशनरी कामगार बायकांच्या संघटनेतल्या. त्यांनी मोर्चे काढले, कंपनीला थेट जाब विचारला. २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, तर त्या पैशातून त्यांनी अपंग जन्मलेल्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला. अशी एखादी बाई या कादंबरीच्या मधोमध हवी होती.

भिशीत एकीनं विचारलं, “इतक्या वर्षांनी आता काय मिळणार त्यांना?” मी म्हटलं, “पैसे मिळोत न मिळोत. कुणीतरी कोर्टात उभं राहून ‘हो, हे आमच्या हातून झालं’ एवढं तरी म्हणावं.”