कोरसचे ध्रुवपद

भीमगीतांवर आपल्याकडे जे लिहिले गेले ते बहुतांशी शब्दांवर लिहिले गेले. मीही तेच केले आहे. वामनदादा कर्डकांची (1922–2004) गाणी वर्गात शिकवताना मी एकेक कडवे छापील कवितेसारखे सोडवीत आलो. याचे एक कारण आपली ध्वनिमुद्रणे आहेत. साउंडवाल्याने सगळे आवाज एकत्र करून जे दिले तेच आपण ऐकले. त्यात गायक वर, ढोलकी खाली आणि कोरस जवळजवळ नाहीच. एकदा असे मिसळले की पुन्हा नीट वेगळे करता येत नाही.

2023 च्या एप्रिलात आमच्या तालुक्यातल्या एका गायनपार्टीचा कार्यक्रम मी जुन्या लॅपटॉपवर मुद्रित केला. त्यावर लिनक्स आहे आणि पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेली, मुक्त परवान्याची ‘आर्डर’ ही प्रणाली. भाड्याच्या मिक्सरमधून यूएसबीच्या एका तारेने दहा आवाज दहा वेगळ्या ट्रॅकवर घेतले: गायक, कोरसचे तिघे, हार्मोनियम, ढोलकीच्या दोन तोंडांचे दोन माइक, बॅन्जो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. सेकंदाला 48,000 नमुने आणि 24 बिट धरले तर एका ट्रॅकच्या तासाला सुमारे 520 एमबी लागतात. लॅपटॉप बिचारा एवढे सहज उचलतो. चूक माझी झाली. बफर 64 वर ठेवला होता, आणि पहिल्याच गाण्यात आवाज तीनदा तुटला. कलावंत लॅपटॉपमधून स्वतःला ऐकत नव्हते, मग ही घाई कोणासाठी? बफर 1024 वर नेला, वायफाय बंद केले. पुढे अडचण आली नाही.

घरी येऊन कोरसमधल्या बाईंचा ट्रॅक एकटा लावला, आणि माझी आजवरची समीक्षा मला अपुरी वाटू लागली. छापील पुस्तकात ध्रुवपद एकदा येते, पुढे नुसती ॥धृ॥ ही खूण. बाईंनी ते सात वेळा म्हटले, आणि सातही वेळा निराळे. तिसऱ्या कडव्यानंतर तर त्यांनी अर्धी ओळ गिळून शेवटचा शब्द तेवढा उचलला, आणि ढोलकीवाल्याने तिथे हात आखडता घेतला. गायक कैफियत मांडतो, बाई तिच्यावर शिक्का मारतात. हा अर्थ कोणत्या पानावर आहे?

पण पहिले मिश्रण मी केले तेव्हा सवयीने गायकालाच वर ठेवले. साउंडवाल्याला नावे ठेवणारा मी, माझेही बोट तिकडेच गेले! दुसऱ्या वेळी बाईंना वर घेतले, तर त्यांच्या माइकात शिरलेली ढोलकीही वर आली. ती मी काढली नाही. त्या ढोलकीला खेटूनच उभ्या होत्या.

सगळे ट्रॅक मी पार्टीच्या स्वाधीन केले. ढोलकीवाल्याने आपले दोन वेगळे मागून घेतले, पोराला शिकवायला.