आदर आणि सादृश्य : रेपिनचे मुसोर्गस्की-चित्र

ज्या कलावंताविषयी मनात आदर आहे त्याचे व्यक्तिचित्र रंगविताना चित्रकारापुढे एक विलक्षण अडचण असते. समोर बसलेला मनुष्य त्याला दिसतो. परंतु ज्या कृतींमुळे तो आदरास पात्र ठरला त्या चेहऱ्यावर उमटलेल्या नसतात. ही उणीव भरून काढण्याचा रूढ मार्ग म्हणजे भोवती सूचक वस्तू मांडणे.

एदुआर मानेने रंगविलेले एमिल झोलाचे चित्र (१८६८) या मार्गाचे उत्तम उदाहरण होय. १८६६ व १८६७ मध्ये झोलाने मानेची बाजू जाहीरपणे घेतली होती. हे चित्र म्हणजे त्या ऋणाची फेड. भिंतीवर मानेच्याच 'ऑलिंपिया'ची प्रतिकृती व जपानी मल्लाचे मुद्राचित्र आहे. मेजावर झोलाची मानेविषयीची पुस्तिका असून तिच्यावरील नाव हीच चित्रकाराची सही ठरते. काळ्या कोटापुढे उघडलेल्या पुस्तकाची पांढरी पाने ज्या हाताने रंगविली तो हात थोर, यात शंका नाही. तथापि 'तेरेझ राकँ'चा कर्ता या खोलीत कोठे आहे? येथे बसला आहे तो मानेचा कैवारी.

इल्या रेपिनने मार्च १८८१ मध्ये रंगविलेले मुसोर्गस्कीचे चित्र याच्या अगदी उलट टोकाला आहे. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २ ते ५ मार्च या दिवसांत, पीटर्सबर्गच्या निकोलायेव्ह लष्करी रुग्णालयात या बैठकी झाल्या. आदल्याच दिवशी, १ मार्चला, त्याच शहरात झार दुसऱ्या अलेक्झांडरचा वध झाला होता. चित्रात त्याची छायाही नाही. १६ मार्चला मुसोर्गस्की मरण पावला.

चित्रात वाद्य नाही, स्वरलिपी नाही. फिकट पार्श्वभूमीपुढे रुग्णालयातील हिरवा झगा, आत नक्षीदार रशियन सदरा, विस्कटलेले केस, आणि मद्यपानाने लाल झालेले नाक. रेपिनने यांपैकी काहीच सौम्य केले नाही. मरणासन्न मित्राची दुर्दशा अशी उघड्यावर मांडणे हा आदराचा कोणता प्रकार, असा आक्षेप येथे सहज सुचतो, आणि तो क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर मुसोर्गस्कीच्या संगीतातच शोधावे लागते. गोडव्यासाठी सत्याला मुरड घालणे त्याने नाकारले होते. बोलल्या जाणाऱ्या रशियन भाषेचे चढउतार, अडखळणे, खडबडीतपणा यांतूनच त्याने आपली गेय वाक्ये घडविली. रेपिनने त्याला त्याचाच मापदंड लावला. चेहरा साजरा केला असता तर मनुष्य सुखावला असता, संगीतकार मात्र नाकारला गेला असता. शिवाय डोळे पाहावेत. प्रेक्षकाची दखल न घेता बाजूला वळलेली ती दृष्टी सहानुभूतीची याचना करीत नाही. सूज आणि लाली यांमध्ये तेवढाच भाग रोगापासून अलिप्त राहिला आहे.

मृत्यूची वार्ता ठाऊक असल्यानेच हे चित्र हृदयस्पर्शी वाटते, या म्हणण्यात काही तथ्य आहे. पण बैठकींच्या वेळी ती वार्ता रेपिनलाही ठाऊक नव्हती. त्रेत्याकोव्हने चित्र विकत घेतले तेव्हा मिळालेले पैसे रेपिनने मुसोर्गस्कीच्या स्मारकासाठी दिले.

हा संयम रेपिनला नेहमीच साधला असे मात्र नाही. १९०१ च्या चित्रातील अनवाणी टॉल्स्टॉय झाडांखाली उभा आहे तो संताच्या मूर्तीप्रमाणे; तेथे लेखकापेक्षा त्याची कीर्तीच अधिक रंगविली गेली आहे.